सहाव्या खणातली बाटली

काकासाहेब लासूरकरांनी छत्तीस वर्षं विमा विकला. ज्या माणसाला मरायची अजिबात घाई नाही, त्याला तो उद्याच मरणार आहे हे पटवून द्यायचं आणि वर त्याच्याच घरचा चहा पिऊन यायचं, हे कसब त्यांना असं काही साधलं होतं की निवृत्तीनंतर ते त्यांना स्वस्थ बसू देणं शक्यच नव्हतं. विमा सुटला तसं त्यांनी आरोग्य धरलं. सिडकोतल्या बागेत रोज सकाळी हास्यक्लब, दर महिन्याला ज्येष्ठ नागरिक संघात व्याख्यान, आणि घरी दिवाणखान्यातल्या फडताळात बाराक्षारांची लाकडी पेटी. बारा खण, बारा बाटल्या, प्रत्येकीत चपट्या पांढऱ्या गोड गोळ्या. येणाऱ्याजाणाऱ्याची जीभ बघून काकासाहेब त्यातल्या चार त्याच्या तळहातावर मोजून ठेवत. माणूस बरा झाला तर तो क्षाराचा गुण. नाही झाला तर त्यानं मधे कॉफी प्यायली असणार.

ज्या पद्धतीत चूक निघूच शकत नाही तिला विज्ञान म्हणत नाहीत, असं त्यांची धाकटी बहीण मीनाक्षी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना दरवर्षी सांगते. एकोणतीस वर्षं ती औषधशास्त्र शिकवते आहे. हेच आपल्या थोरल्या दादांना सांगण्याच्या फंदात मात्र ती कधी पडली नव्हती. मुलांना निदान नापास होण्याची भीती असते.

दोघांच्या मधला श्रीनिवास. मीनाक्षीचा भाऊ, आणि तिच्या तोंडीही नुसता ‘भाऊ’च. पाटबंधारे खात्यात आरेखक होता. धरणांच्या भिंतींच्या रेघा त्यानं अशा ओढल्या होत्या की निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी त्याची जुनी पेन्सिल मागून घेतली. वरच्या मजल्यावर दादा, खालच्या मजल्यावर भाऊ आणि करुणावहिनी, जेवण सगळ्यांचं खाली एकत्र. आणि दोन गल्ल्या सोडून मीनाक्षीचं घर. असं बरं चाललं होतं.

गेल्या दिवाळीनंतर भाऊ बसला. म्हणजे खरोखरच बसला. सकाळी पलंगाच्या कडेवर बसून एक मोजा पायात चढवायचा आणि दुसरा हातात धरून तास तास तसाच राहायचा. जेवण नको, पेपर नको, मुलाचा, अमेयचा, पुण्याहून फोन आला तर तोही नको. पहाटे चारला जाग यायची ती यायचीच.

“कारण काय?” हा प्रश्न येणाऱ्या प्रत्येकानं विचारला, जणू कारण सापडलं की ते कुठेतरी परत करता येणार होतं. दादांनी तर हिशेबच मांडला. “पेन्शन वेळेवर, मुलगा मार्गी लागलेला, बायको जिवंत. याला दुःख कशाचं? हे सगळे रिकामेपणाचे चोचले आहेत. उद्यापासून हास्यक्लबला ये.”

भाऊ तीन दिवस गेला. बागेत साठ माणसं आभाळाकडे हात करून हा-हा हो-हो करत होती आणि भाऊ मधे उभा राहून रडत होता. दादांना वाटलं, हसून हसून डोळ्यांत पाणी आलं.

भांडी घासता घासता मालनबाईंनी हे सगळं ऐकलं. त्या मूळच्या फुलंब्रीकडच्या. हात न थांबवता म्हणाल्या, “माझ्या चुलत्याला असंच झालतं, ताई. बांधावर बसला की बसलाच. मंग दवाखान्यात नेलं, गोळ्या दिल्या. महिनाभर काय नाय, मंग हळूहळू लागला की कामाला. आता लई बडबड करतो.”

औषधशास्त्राचं इतकं नेमकं वाक्य त्या घरात त्या महिन्यात दुसरं कुणी बोललं नाही. मीनाक्षीनं दुसऱ्याच दिवशी भाऊला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं. दादांना सांगितलं, डोळे तपासायला जातोय.

सर्ट्रालिन सुरू झालं, आधी पंचवीस, मग पन्नास मिलिग्रॅम. नवव्या दिवशी भाऊनं तिला बोलावून घेतलं.

“मीने, हे काही खरं नाही. आधी नुसतं जड वाटायचं, आता घाबरल्यासारखंपण होतंय. बंद करतो.”

डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून घे, असं सांगता आलं असतं. पण ज्या माणसानं जन्मभर धरणं उभी कापून आतून कशी दिसतात त्याचे काटछेद काढले त्याला काटछेदच दाखवावा असं तिला वाटलं. तिनं कॅलेंडरच्या जुन्या पानामागे दोन पेशी काढल्या.

“ही पेशी या पेशीला निरोप देते. मधे फट आहे. निरोप म्हणजे सेरोटोनिन, या फटीत सोडायचं. काम झालं की पहिली पेशी ते परत ओढून घेते, इथं पंपासारखं एक प्रथिन असतं त्यानं. तुझी गोळी जाऊन त्या पंपाच्या तोंडात बसते.”

“म्हणजे सोडलेलं फटीतच राहतं.”

“हो. आणि हे पहिल्या दिवशीच होतं. काही तासांत.”

“मग माझा आज नववा दिवस. उजेड कुठाय?”

“पहिल्या पेशीच्या अंगावर तिचे स्वतःचेही रिसेप्टर असतात. पहारेकरी म्हण. आसपास किती साचलंय ते चाचपत बसतात. जास्त लागलं की सांगतात, बास, पुरवठा कमी करा. पेशी ऐकते. म्हणजे एकीकडून गोळी अडवून धरतेय, दुसरीकडून सोडणंच कमी झालंय.”

भाऊनं तिच्या हातातली पेन्सिल घेतली. पेशीशेजारी एक चौकोन काढला, त्यात पाण्याची रेघ, रेघेवर एक गोळा आणि त्याला दांडी.

“टाकीतला बॉल,” तो म्हणाला. “खालची टाकी भरली की हा वर येतो आणि नळ बंद. गच्चीवरच्या टाकीत थेंब नसेना का. बॉलला त्याचं काय?”

“तसंच.”

“मग बॉलचं काय करायचं?”

“काही नाही. रोज गोळी घ्यायची. दोन-तीन आठवडे आजूबाजूला इतकं साचलेलं राहिलं की त्या रिसेप्टरांची धार बोथट होते. बास म्हणणं कमी होतं. पुरवठा पुन्हा सुरू होतो, आणि पंप तर अडवलेलाच आहे. मग खरा फरक.”

हे इतकं सरळ नाही हे तिला ठाऊक होतं. पलीकडच्या पेशीत पुढे काय काय बदलतं, नवे जोड कसे फुटतात, यातलं निम्मं अजून कुणालाच नीट उलगडलेलं नाही, आणि उलगडलंय असं सांगणारा बहुधा काहीतरी विकत असतो. पण भाऊनं चार महिन्यांत पहिल्यांदा एक रेघ ओढली होती. ती तिला खोडायची नव्हती.

भाऊ चित्राकडे बघत राहिला. मग जिन्याकडे मान करून हळूच म्हणाला, “आपल्या घरातला बॉल म्हणजे दादा.”

पाचव्या आठवड्यात त्यानं दोन्ही मोजे घातले आणि स्वतःहून दाढी केली. सातव्या आठवड्यात वरणात मीठ कमी आहे म्हणून तक्रार केली, तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. आणि अडीच महिने झाल्यावर, सगळं सुरळीत होत असताना, दादांना गादीखाली गोळ्यांची पट्टी सापडली.

“हे काय आहे?” पट्टी दोन बोटांत धरून ते दिवाणखान्यात उभे राहिले. मीनाक्षी तिथेच होती. “डोळ्यांची औषधं गादीखाली ठेवतात?”

“डिप्रेशनचं औषध आहे, दादा. त्यानंच भाऊ बरा झालाय.”

“बरा झालाय तो हसण्यानं. तीन दिवस आला होता क्लबला.” दादांनी मोबाईल काढला. “हे वाच. परदेशात सिद्ध झालंय. सेरोटोनिनची सगळी गोष्टच खोटी. तू इतकी वर्षं मुलांना खोटं शिकवत आलीस.”

तो शोधनिबंध मीनाक्षीनं वाचला होता. दादांनी त्याच्याबद्दलचा निरोप वाचला होता, तोही हास्यक्लबच्या ग्रुपवरचा.

“त्यात एवढंच म्हटलंय की डिप्रेशनवाल्यांमधे सेरोटोनिन कमी असतं याला पुरावा नाही. गोळ्यांचा उपयोग होत नाही असं म्हटलेलं नाही. डोकं दुखतं म्हणजे रक्तातलं क्रोसिन कमी झालंय असं कुणी म्हणत नाही. तरी क्रोसिननं थांबतं.”

“शब्दांचे खेळ. श्रीनिवास, आता तू ठणठणीत आहेस. आजपासून हे बंद. शब्द दे.”

भाऊ चौसष्ट वर्षांचा होता. मोठ्या भावाला शब्द न देण्याची सवय त्याला कधी लागलीच नव्हती. त्यानं दिला.

चौथ्या दिवशी तो भिंत धरून चालत होता. मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं होतंय म्हणाला, भोवळ येत होती, कढी सांडली म्हणून डोळे भरून आले. दादांना तर कोलीतच मिळालं.

“बघ! दारुड्याची दारू सुटताना हेच होतं. व्यसन लावलंस तू त्याला.”

“तुमची बीपीची गोळी चार दिवस बंद करून बघा. प्रेशर चढलं तर त्यालाही व्यसन म्हणू.”

“बीपी हा शरीराचा आजार आहे, मीने.”

“आणि मेंदू कुठे असतो? गच्चीवर?”

दादा हसले नाहीत. दिवसभर हसणाऱ्या माणसांना घरात हसू येत नाही, हे तिनं पूर्वीच टिपून ठेवलं होतं. त्यांनी पेटीतली सहाव्या खणातली काली फॉसची बाटली काढून भाऊच्या हातात दिली. मेंदूला आणि मज्जातंतूंना काली फॉस. चार गोळ्या, चार वेळा, जिभेखाली. सहावा खण रिकामा राहिला. नवी बाटली दुकानातून घरपोच मागवतो म्हणाले.

युक्ती करुणावहिनींची होती. “मीनाताई, बाटली दादांची, आतल्या गोळ्या तुमच्या. त्यांचं मन राहील, यांचं डोकं राहील.”

डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, बरं वाटायला लागल्यापासून निदान सहा-आठ महिने औषध चालू ठेवायचं, आणि थांबवायचं तेही हळूहळू. मीनाक्षीनं काली फॉसच्या गोळ्या बेसिनमधे ओतल्या. अख्ख्या महिन्याच्या पट्ट्या फोडून तीस सर्ट्रालिन बाटलीत भरल्या आणि लेबलच्या खालच्या कोपऱ्यात लाल पेनानं बारीक ‘५०’ लिहिलं. बिनलेबलच्या बाटलीसाठी ती प्रॅक्टिकलला पाच गुण कापते. चुकीच्या लेबलसाठी मुलाला प्रयोगशाळेबाहेर काढते. त्या दिवशी तिला बाहेर काढणारं कुणी नव्हतं, इतकंच.

भाऊचा करंट दोन दिवसांत थांबला. रोज सकाळी दादांच्या देखत तो बाटलीतून एक गोळी काढायचा आणि पाण्याबरोबर गिळायचा.

“चार घ्यायच्या असतात रे. आणि चघळायच्या.”

“मला एकच पुरते, दादा.”

“बघितलंस मीने? एकात एवढा गुण!”

आणि मग, आपल्या औषधानं आपलाच भाऊ बरा झाल्यावर कुणीही स्वाभिमानी माणूस करील तेच दादांनी केलं. त्यांनी व्याख्यान ठरवलं. रविवारी सकाळी दहाला, ज्येष्ठ नागरिक संघाचा हॉल, विषय ‘आनंदाचे रसायन : गोळ्यांविना’. भाऊनं पहिल्या रांगेत बसायचं. दादा विचारतील, “इथं असा कुणी आहे का, जो गोळ्या फेकून बरा झाला?” तेव्हा भाऊनं हात वर करायचा.

“नको जाऊस,” मीनाक्षी म्हणाली.

“घर त्यांचं आहे ना, मीने. राहायचंय मला इथं.” मग म्हणाला, “नुसता हात तर वर करायचाय. धरणाच्या चुकीच्या नकाशांवरही सह्या केल्यात मी.” पण त्या रात्री तो जेवला नाही, असं वहिनींनी सांगितलं. मीनाक्षीला त्या हाताचीच भीती वाटत होती. एकदा चारचौघांत तो वर गेला की पुढे जन्मभर गोळी चोरूनच घ्यावी लागणार. आणि चोरून घ्यायची गोळी माणूस एक ना एक दिवस सोडतो.

रविवारी हॉल भरला होता. सत्तर-एक माणसं, निम्म्यांच्या कानात यंत्रं, खिडकीशी चहाचं पिंप. आधी सगळ्यांनी उभं राहून तीन वेळा हो-हो केलं. मग दादा बोलायला लागले, आणि मीनाक्षीनं कबूल केलं की माणूस अजून विमा विकू शकेल.

पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी सेरोटोनिनची कल्पना कशी भंपक आहे आणि औषध कंपन्यांनी ती कशी पसरवली हे सिद्ध केलं. पुढच्या दहा मिनिटांत हसल्यानं, केळं खाल्ल्यानं आणि सूर्याकडे बघितल्यानं सेरोटोनिन कसं भराभरा वाढतं हे सांगितलं. सत्तर माणसांपैकी एकाच्याही कपाळावर आठी पडली नाही. दोन्ही वेळा टाळ्या मात्र पडल्या.

तेवढ्यात पर्समधला फोन थरथरला. वहिनी होत्या. मीनाक्षी वाकून कुजबुजली, “बोला.”

“मीनाताई, ह्यांची बाटली सापडत नाही. घाईत सकाळची गोळी राहिली म्हणून बघायला गेले. मालनबाई म्हणतात, त्यांनी काल पुसताना... थांबा, त्यांनाच देते.”

“ताई, म्या ठिवली की बाटली जाग्यावर. मोठ्या मालकांच्या पेटीत एक भोक मोकळं व्हतं, आन् भाऊंच्या टेबलावर तसलीच बाटली. त्यातलीच म्हणून ठिवून दिली. चुकलं का काय?”

“नाही, मालनबाई. तुमचं काहीच चुकलं नाही.”

मीनाक्षीनं मान वर केली. स्टेजवर टेबल होतं, टेबलावर हार घातलेली बाराक्षारांची पेटी होती, आणि दादा सहाव्या खणातली बाटली उचलत होते.

“या काली फॉसनं माझ्या सख्ख्या भावाला वर काढलं! आज इथून कुणी रिकाम्या हातानं जायचं नाही. प्रत्येकाला चार. आणि पहिल्या चार मी स्वतः घेतो, म्हणजे कुणाला शंका नको.”

त्यांनी चार गोळ्या तोंडात टाकल्या आणि चघळल्या. चेहरा हळूहळू आक्रसला. सर्ट्रालिन कडूजहर असतं, जीभ बधिर होते.

“कडू आहे,” ते जड जिभेनं माईकमधे म्हणाले. “या खेपेला माल अस्सल आलाय. आकारपण मोठा दिलाय कंपनीनं.”

खुर्च्या सरकल्या. रांग लागली. रांगेत सगळ्यात पुढे नऊवारीतल्या एक बाई होत्या, तळहात पुढे करून. मीनाक्षी कशी चालत गेली ते तिला आठवत नाही. तिनं बाटलीच्या तोंडावर हात ठेवला. कोपऱ्यातलं लाल ‘५०’ तिच्या अंगठ्याखाली आलं.

“दादा, या वाटू नका.”

“का?”

सत्तर माणसं बघत होती. पहिल्या रांगेत भाऊ बघत होता. खरं सांगितलं तर त्याचं झाकलेलं सगळं उघडं पडणार होतं, आणि ते सांगण्याचा हक्क तिचा नव्हता. तिला एक सोयीचं खोटं सुचलं.

“मुदत संपलीय यांची.”

“बाराक्षाराला मुदत नसते!” दादा म्हणाले आणि रांगेतून तीन-चार माना डोलल्या. “जितके जुने तितके चांगले,” मागून कुणीतरी भर घातली. नऊवारीतल्या बाईंनी तळहात आणखी पुढे केला. “द्या हो. आम्हीपण मुदत संपलेलेच आहोत.” हशा पिकला. तो त्या सकाळचा एकमेव खरा हशा होता.

मीनाक्षीनं हात काढला नाही. “या काली फॉस नाहीत,” ती म्हणाली. “बाटलीतल्या गोळ्या मी बदलल्यात.”

“बदलल्यास? मग या कसल्या आहेत?”

पहिल्यांदाच वर्गात उत्तर येत असून न देणाऱ्या मुलीसारखी ती उभी होती.

“माझ्या आहेत,” भाऊ म्हणाला.

तो उठला होता. आवाज मोठा नव्हता, पण आरेखकाचा होता, मापं सांगणारा. “सर्ट्रालिन. पन्नास मिलिग्रॅम. रोज सकाळी एक. मला डिप्रेशन आहे, त्याच्यासाठी घेतो. फेकल्या वगैरे काही नाहीत. मधे चार दिवस बंद केल्या, तर भिंत धरून चालत होतो.” त्यानं दादांकडे बघितलं. “तुम्ही हात वर करायला सांगितला होता ना, दादा?”

आणि त्यानं हात वर केला. कोपर सरळ, बोटं मिटलेली.

अशा वेळी माणसांना काहीतरी वाटत असेल, अशी मीनाक्षीची समजूत होती. नऊवारीतल्या बाई रांग न सोडता म्हणाल्या, “ते सगळं ठीक आहे. पण मग आम्हाला चार मिळणार का नाही?” एका गृहस्थांनी विचारलं, यानं शुगर वाढते का. तिसऱ्यांनी चहाच्या पिंपाकडे मोर्चा वळवला, आणि सभा तिकडे गेली.

दादा स्टेजवर उभेच होते. जीभ बधिर, कपाळावर घाम.

“मी चार खाल्ल्या, मीने,” ते हळूच म्हणाले.

“दोनशे मिलिग्रॅम. मोठ्यातला मोठा डोस. एरवी तिथं पोचायला काही आठवडे घेतात, तुम्ही अर्ध्या मिनिटात पोचलात.”

“मरतो का मी?”

छत्तीस वर्षं हा प्रश्न त्यांनी दुसऱ्यांना विचारायला लावला होता. मीनाक्षीला क्षणभर उत्तर लांबवावंसं वाटलं. तिनं लांबवलं नाही. डॉक्टरांना फोन लावला. बीपीची गोळी कुठली तेही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, एका वेळेपुरतं बहुधा काही होणार नाही, पण आज एकटं सोडू नका. ताप, बरळणं, अंग ताठणं दिसलं तर लगेच घेऊन या. एरवी पाणी भरपूर, आणि पोट जरा बिघडेल.

पोट नुसतं ‘जरा’ बिघडलं नाही. दुपारी दोनपासून काकासाहेब लासूरकर संडासातून बाहेर येत आणि पुन्हा आत जात. नळाचं पाणी आता बुधवारी येणार होतं. वरच्या मजल्यावरची टाकी साडेतीनला संपली आणि मालनबाई खालून बादल्या देऊ लागल्या.

“मोठ्या मालकांना लई गुण आला, ताई,” चौथी बादली भरताना त्या म्हणाल्या.

मीनाक्षी दाराबाहेर खुर्ची टाकून घड्याळ आणि मीठ-साखरेच्या पाण्याचा तांब्या घेऊन बसली होती. दर अर्ध्या तासानं नाडी बघत होती.

“दादा,” ती बंद दाराला म्हणाली, “शरीरातलं नव्वद टक्के सेरोटोनिन डोक्यात नसतं. आतड्यात असतं. तिथेही रिसेप्टर असतात, आणि ते तीन आठवडे थांबत नाहीत. तुमचं आनंदाचं रसायन कामाला लागलंय.”

आतून जो आवाज आला त्याला उत्तर म्हणता येणार नाही.

संध्याकाळपर्यंत तिला तीन फोन आले. तिन्ही हॉलमधले. पहिल्याच्या ओळखीच्या एका माणसाला झोप येत नव्हती. दुसऱ्याच्या ओळखीच्या माणसाला सारखं रडू यायचं. तिसरा आवाज तिनं लगेच ओळखला, नऊवारीतल्या बाईंचा. त्यांच्या ओळखीच्या बाईंना वर्षभर काही गोडच लागत नव्हतं. “नाव विचारू नका हं,” त्या म्हणाल्या. तिनं तिघांनाही डॉक्टरांचा नंबर दिला. ओळखीच्यांना स्वतःच्या पायांनी जावं लागेल, एवढंच सांगितलं.

सोमवारी सकाळी ती गेली तेव्हा सगळे जेवणाच्या टेबलाशी होते. दादा फिकुटलेले, पुढ्यात पेज. त्यांचं प्रेशर बरोबर आलं. आपण अपमान कसा विसरलो नाही हे ते पेजेच्या प्रत्येक घोटाला दाखवत होते. शेवटी राहवेना.

“एक मात्र आहे, मीने. काल रात्री उशिरा मला जरा हलकं वाटत होतं. प्रसन्न. म्हणजे बघ, चार गोळ्यांत.”

“हलकं वाटणारच. पोटात काही उरलं होतं का? औषधाचा परिणाम दिसायला तीन आठवडे लागतात.”

“तुमच्या शास्त्राला प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो.”

“हो,” ती म्हणाली.

भाऊनं शर्टाच्या खिशातून नवी पट्टी काढली. मीनाक्षीनंच आणून दिली होती. अंगठ्यानं दाबली, टक् आवाज झाला, गोळी ताटात पडली. त्यानं ती उचलली, पाण्याबरोबर गिळली आणि पोळीकडे वळला. गुळांबा वाढायला सांगितला.

मालनबाई टेबल पुसत आल्या. पट्टी हातात घेऊन थबकल्या. कालपासून त्या घरातली कुठलीही वस्तू विचारल्याशिवाय जागेवर ठेवत नव्हत्या.

“भाऊ, ही कुठं ठिवू?”

“इथंच. मिठाच्या बरणीशेजारी.”

“सगळ्यांना दिसंल की.”

“म्हणूनच.”

त्यांनी पट्टी मिठाच्या बरणीला टेकवून उभी केली. दादांनी तिच्याकडे बघितलं, मग हात लांब करून मिठाची बरणी तेवढी आपल्याकडे ओढली. पट्टी आडवी पडली. भाऊनं पाण्याचा तांब्या उचलून तिथे ठेवला आणि तिला पुन्हा उभी केली.